कडक केली म्हणजे चांगली झाली?



तुझं लांबलचक पत्र वाचलं, फोटो पाहिले. शाबासकीची वाट पाहत असशील तर ती मिळायची नाही. सॅन होजेत नोकरी करतोस, 1990 सालची माझदा मियाटा हौसेनं घेतलीस, इथवर ठीक आहे. त्या गाडीबद्दल मला आदर आहे. तिला कोनीचे पिवळे अ‍ॅडजस्टेबल शॉकअप घेतलेस, वस्तू म्हणून तेही उत्तम. पण पुढे लिहितोस, 'चारही फुल हार्डला लावलेत सर, गाडी आता एकदम टाइट वाटते.' टाइट वाटते! ऑटोमोबाइलचा डिप्लोमा माझ्या वर्गात बसून केलास आणि मोजमाप म्हणून शेवटी 'वाटते' हाच शब्द हाती लागला तुझ्या? कॉलेजच्या बाहेरच्या टपरीवर मोटारसायकलचा मागचा शॉकअप कडक करून घेणारी पोरंही हेच सांगायची. त्यांनी फी भरली नव्हती, तू भरली होतीस.

पहिला प्रश्न. गाडीत बिघडलं काय होतं? सबंध पत्रात त्याबद्दल एक ओळ नाही. जुन्या शॉकअपमधून तेल गळत होतं? ब्रेक मारल्यावर नाक खाली जाऊन पुन्हा वर येत होतं? उंचवटा ओलांडल्यावर गाडी दोनतीनदा झुलत होती? पुढून का मागून? डावीकडून का उजवीकडून? काही नाही. किंमत आहे, खोक्याचा फोटो आहे, रंगाचं कौतुक आहे. तबलजी हातोडी उचलतो ती आधी कान लावून, कुठल्या घराचा सूर उतरलाय हे ऐकून. मगच तो नेमका गठ्ठा ठोकतो. तू सगळे गठ्ठे शेवटापर्यंत ठोकून मोकळा झालास आणि मला विचारतोस, कसा वाजतो!

अ‍ॅडजस्टेबल शॉकअप महाग का असतो, याचा तरी विचार केलास का? त्याच्या आत पिस्टन आहे, पिस्टनवर पातळ पोलादी चकत्या आहेत, त्यांना वाकवत तेल पुढे सरकतं, आणि स्प्रिंगच्या हालचालीतली ऊर्जा तेलात उष्णता होऊन जिरते. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअप वजन पेलत नाही, तो स्प्रिंगला आवरतो, म्हणजे चाक रस्त्यावरून उडत नाही आणि गाडी झुलत राहत नाही. किती आवरायचं हे ठरवण्यासाठी फिरवायचा खटका दिलेला असतो. स्प्रिंग बदलली, शॉकअप जुना होऊन ढिला पडला, किंवा शनिवारी स्पर्धा आणि सोमवारी ऑफिस असा वापर असला, तर मधलं काहीतरी निवडता यावं म्हणून. त्या पट्टीला दोन टोकं असतात. त्यातलं एक टोक पकडून बसायचं होतं, तर साधे शॉकअप घेऊन उरलेल्या पैशात बायकोला घेऊन योसेमिटी पाहून आला असतास.

आता हिशेब. तो तू केलेलाच नाहीस, म्हणून मी करतो. समजा, गाडीच्या एका कोपऱ्यात स्प्रिंगवर 230 किलो आहेत आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठरपणा मीटरला 20,000 न्यूटन आहे. दोन गुणिले, ताठरपणा आणि वस्तुमान यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. क्रिटिकल डॅम्पिंग, म्हणजे एकदाही न झुलता गाडी जागेवर येईल एवढा विरोध, येतं सुमारे 4,300 न्यूटन-सेकंद प्रतिमीटर. रोजच्या गाडीला त्याचा पाव ते एकतृतीयांश हिस्सा पुरतो, शर्यतीच्या गाडीत दोनतृतीयांशापर्यंत जातात. तू उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा घातल्यास, मूळच्यापेक्षा 30 टक्के ताठर, असं तूच लिहिलं आहेस. वर्गमूळ घे. 1.3 चं वर्गमूळ 1.14. म्हणजे या नव्या स्प्रिंगांना आवरायला डॅम्पिंग फक्त 14 टक्के जास्त हवं होतं. चौदा! आणि तू खटका टोकाला नेऊन ठेवलास. हे सूत्र मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारायचो. तू तेव्हा मागच्या बाकावर बसून इंग्रजी मासिकांतल्या लाल गाड्या पाहायचास, ते मला दिसत होतं.

आणि मोशन रेशो? शॉकअप चाकावर बसलेला नाही, सस्पेन्शनच्या आर्मवर आतल्या बाजूला बसलाय. तुझ्या गाडीत पुढचं चाक दहा सेंटिमीटर उचललं तर शॉकअप सातच्या आसपास हलतो. मग शॉकअपपाशी मोजलेलं डॅम्पिंग चाकापाशी किती पडतं? 'सत्तर टक्के' म्हणशील. चूक. वेगही सात दशांश होतो आणि बळही सात दशांश पोचतं, म्हणून वर्ग करायचा. निम्मं उरतं. पहिल्या चाचणी परीक्षेत यावर चार मार्कांचा प्रश्न असायचा.

पण माझा खरा संताप आहे तो पत्राच्या तिसऱ्या पानावर. लिहितोस, 'फ्रीवेच्या सांध्यांवर आणि हायवे 17 च्या खराब पट्ट्यात गाडी दणके देते, म्हणजे कम्प्रेशनही चांगलं वाढलेलं दिसतंय.' अरे, हा पिवळा कोनी खोक्यातून काढलास तेव्हा आतला कागद वाचलास का? त्यात फक्त रिबाउंड बदलता येतं. दबताना लागणारा विरोध आहे तसाच राहतो. तू फिरवलास तो खटका शॉकअप लांब होतानाचा, म्हणजे चाक खाली यायचं असतानाचा. मग दबतानाचे दणके आले कुठून? याचं उत्तर शोधण्याऐवजी तू त्याला 'स्पोर्टी फील' म्हणून मोकळा झालास.

उत्तर ऐक. सांधा आला, चाक वर गेलं, स्प्रिंग दबली. आता स्प्रिंगला चाक पुन्हा खाली ढकलायचंय, पण रिबाउंड इतकं घट्ट आहे की ते सावकाश उतरतं. ते पुरतं उतरायच्या आत दुसरा सांधा आला. चाक आणखी वर. मग तिसरा. दरवेळी थोडी थोडी उंची गमावत गाडी खाली बसत जाते आणि शेवटी बम्प स्टॉपच्या फोमवर टेकते. तिथे जो दणका बसतो त्याला तू कम्प्रेशन म्हणतोस. शॉकअपनं गाडीला स्वतःच खाली ओढून ठेवलंय, आणि तू आधीच चार सेंटिमीटर खाली आणलेल्या गाडीत ओढून घ्यायला जागा उरलीच होती किती? पहिल्या पिढीच्या मियाटात चाकाचा प्रवास मुळातच तोकडा. आधीच मर्कट, तशात मद्य प्याला. उपाय म्हणून तू काय करणार आहेस तेही लिहिलं आहेस, 'अजून कडक स्प्रिंगा मागवतोय.' मागव! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

वळणावर याचा अर्थ काय होतो ते नीट वाच, कारण इथे जिवाशी गाठ आहे. हायवे 17 डोंगरातून सांताक्रूझला उतरतो, वळणं एकामागून एक, बाजूला काँक्रीटचा दुभाजक, आणि पावसाळी दिवसांत तो रस्ता कसा होतो हे तू मलाच फोनवर सांगितलं होतंस. वळणात आतल्या बाजूच्या चाकावरचं वजन आधीच हलकं झालेलं असतं. तिथे एखादा खोलगट भाग आला की चाकानं झटकन खाली जाऊन रस्ता पकडायला हवा. तुझं चाक क्षणभर हवेत लोंबकळतं. हवेतल्या टायरला पकड नसते. सपाट, गुळगुळीत मैदानात तुला हे जाणवणार नाही, उलट स्टीअरिंग फिरवल्याबरोबर गाडी चटकन वळते म्हणून आनंदच होईल. गाडीचं कलणं मंदावतं, ते हाताला छान लागतं, आणि माणूस त्या छान लागण्याला पकड समजतो. बरेचसे फसतात ते इथेच. तूही फसलास, पण तुला फसण्याचा अधिकार नव्हता. तू शिकलेला आहेस.

आता जरा इतिहास आठव. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या गाड्यांना घर्षणावर चालणारे शॉकअप असत, फ्रान्सच्या ट्रुफोचे आणि अमेरिकेतल्या हार्टफर्डचे. एकमेकांवर दाबलेल्या चकत्या आणि मध्ये एक नट. नट आवळला की गाडी कडक. त्यातली खोट अशी, की कोरडं घर्षण हालचाल सुरू होतानाच सगळ्यात जास्त अडवतं. लहानसा खडा आला तर सस्पेन्शन हलतच नाही. तेलाचा शॉकअप आला तो ही खोट घालवायला, कारण तेलाचा विरोध वेगाबरोबर वाढतो आणि पिस्टन थांबला की शून्य होतो. एवढ्या वर्षांच्या सुधारणेवर तू एका दुपारीत बोळा फिरवलास.

पिस्टन थांबला की विरोध शून्य, हे वाक्य पुन्हा वाच. कारण पुढे तुझी तक्रार आहे की मोठ्या, लांब वळणात गाडी पुढून बाहेर सरकते आणि त्यासाठी पुढचे खटके दोनदा फिरवून पाहिलेस, फरक पडला नाही. कसा पडेल? लांब वळणात गाडी एकदा कलून स्थिर झाली की शॉकअपचा पिस्टन हलतच नाही. नसलेल्या हालचालीला तो काय आवरणार? शॉकअप बोलतो तो वळणात शिरताना, ब्रेक सोडताना, गॅस देताना, म्हणजे वजन एका बाजूकडून दुसरीकडे जात असतानाच. स्थिर वळणातला दोष टायरच्या हवेत, अलाइनमेंटमध्ये, अँटी-रोल बारमध्ये शोधायचा असतो. तिकडे तू पाहिलंस का?

पाहिलंस, आणि तिथेही दिवे लावलेस! टायरमध्ये 36 पीएसआय हवा. त्या गाडीच्या दाराजवळच्या पट्टीवर माझदानं 26 लिहिलंय, 185/60 चौदा इंची टायरला. साडेनऊशे किलोच्या आसपासची हलकी गाडी आहे ती, तुझ्या ऑफिसातल्या मित्राची एसयूव्ही नव्हे. दहा पीएसआय जास्त भरून टायरच कडक करून ठेवलास, आणि टायर हीसुद्धा स्प्रिंगच आहे, तिला आवरणारा शॉकअप मात्र कुणी बसवलेला नाही. शिवाय तू पाठवलेल्या फोटोत टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचता येतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ते टायर दहा वर्षांपूर्वीचे आहेत, बाळा. रबर वाळून गेलंय. त्यांच्यावर तू जगातले कुठलेही शॉकअप लाव.

आणखी एक. स्प्रिंगा, शॉकअप, हवा, अलाइनमेंट, सगळं एकाच शनिवार-रविवारी बदललंस. आता त्यातल्या कशानं काय झालं, हे सांग पाहू. नाही सांगता येणार. मलाही नाही आणि ब्रह्मदेवालाही नाही. प्रयोगशाळेत एका वेळी एकच गोष्ट बदला म्हणून घसा कोरडा केला, तो पालथ्या घड्यावर पाणी. आणि गंमत अशी की, तुला एससीसीए या अमेरिकी क्लबच्या ज्या ऑटोक्रॉस स्पर्धेला उतरायचंय, तिथल्या स्ट्रीट वर्गात शॉकअप बदलायला मुभा आहे पण स्प्रिंगा मूळच्याच लागतात. ज्या वर्गासाठी अ‍ॅडजस्टेबल शॉकअपला खरा अर्थ होता, त्यातून स्प्रिंगा बदलून तूच स्वतःला बाहेर काढलंस. नियमावली वाचायची सवय परीक्षेच्या हॉलतिकिटावरच संपली वाटतं.

गॅरेजमधल्या प्रतापांबद्दल थोडक्यात, कारण ते फोटो पाहवत नव्हते. वरचा नट फिरताना रॉडही फिरायला लागला म्हणून तू चकचकीत रॉड पकडीत धरलास, पकडीचे दात उमटलेले दिसतात. ती क्रोमची रॉड ऑइल सीलमधून हजारो वेळा आतबाहेर जाणार आहे. प्रत्येक खेपेला तो ओरखडा सीलची धार कुरतडणार. रॉडच्या टोकाला धरायला सपाट जागा दिलेली असते ती कशासाठी? इम्पॅक्ट गननं तो नट आवळलास हेही कौतुकानं लिहिलंस. आत पिस्टन एका लहान नटानं रॉडला धरलेला असतो, वरून ठोके मारून रॉड गरगर फिरवायची नसते. हातपाना आणि टॉर्क पाना, दोन्ही तुझ्याकडे आहेत, भिंतीवर टांगलेले फोटोत दिसले.

बम्प स्टॉप 'जागा मिळावी म्हणून' कापून आखूड केलेस. तो फोम म्हणजे पॅकिंग नव्हे. या गाडीत तो शेवटच्या टप्प्यातली दुसरी स्प्रिंग आहे. तो पुरेसा नसला की पिस्टन खाली जाऊन तळाच्या व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग पिवळा काय नि लाल काय, शॉकअप भंगारात. लांबी कमी हवी होती तर नव्या स्प्रिंगच्या हिशेबानं मापाचे बम्प स्टॉप मिळतात. 

आणि आर्मचे बोल्ट चाकं हवेत लोंबत असतानाच आवळलेस. रबरी बुशच्या आतली नळी बोल्ट आवळला की जागेवर जखडली जाते. गाडी खाली टेकवली की आर्म वर जातो आणि रबर पिळलं जातं, कायमचं. स्प्रिंगा बसवल्या दिवशी तुझी गाडी डाव्या बाजूला थोडी उंच दिसत होती ना? 'स्प्रिंगा सेट होतील' असं लिहिलंस. स्प्रिंगा नाहीत रे, बुश पिळलेत. काही महिन्यांत ते फाटतील आणि मग तू पॉलियुरेथेनचे बुश मागवशील.

1989 च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ही गाडी लोकांनी पहिल्यांदा पाहिली. माझदातल्या तोशिहिको हिराईंच्या चमूनं तिला चारही चाकांना डबल विशबोन दिलं, वजन पुढेमागे जवळपास सारखं वाटलं, गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एका अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीनं जोडले, आणि हे सगळं 116 अश्वशक्तीच्या गाडीसाठी. एवढ्या ताकदीत लोकांना वेड लावायचं तर बाकी सगळं जुळून यावं लागतं, हे त्यांना ठाऊक होतं. ती गाडी मऊ होती ती कंजुषीमुळे नव्हे. चाक रस्त्यावर राहावं म्हणून होती. बदल करू नकोस असं मी म्हणत नाही. तीस वर्षांहून जुनी गाडी, तिचे मूळचे शॉकअप मेलेलेच असणार, ते बदलायलाच हवे होते. पण ज्यांनी मोजून केलं त्यांच्या कामावर हात टाकताना आपणही मोजावं, एवढी तरी चाड ठेव.

आता काय करायचं ते सांगतो, आणि यावर चर्चा नको. मूळच्या स्प्रिंगा फेकल्या नसशील तर त्याच परत घाल. बम्प स्टॉप नवे. चारही शॉकअप सगळ्यात मऊ टोकाला आण. कुठल्या दिशेला मऊ ते कागदात पाहा, अंदाजानं नको, आणि यापुढे प्रत्येक फेरा त्या टोकापासून मोज. ज्या रॉडवर ओरखडा आहे तो शॉकअप बदल, आणि शक्य असेल तर चारही डायनोवर घालून पाहा, कारण खटका सारखाच फिरवला म्हणून डाव्या-उजव्याचं बळ सारखं निघतंच असं नाही. टायर नवे, हवा थंड टायरमध्ये 26. आर्मचे बोल्ट सैल कर, गाडी चाकांवर उभी करून पुढेमागे ढकल, मग टॉर्क पान्यानं आवळ. त्यानंतर अलाइनमेंट.

मग घराजवळचा एकच रस्ता निवड, उंचवटे असलेला, आणि त्याच रस्त्यावर त्याच वेगानं जा. गाडी झुलत असेल तर पुढचे दोन्ही अर्धा फेरा कडक कर. वहीत लिही. पुन्हा जा. मग मागचे. झुलणं थांबलं की हात आखडता घे, त्यापुढचा अर्धा फेरा मनातल्या हौसेचा असतो. सांध्यांवर दणके परत लागले, की एक पायरी मागे ये आणि तिथेच थांब. यात दोन शनिवार जातील, जाऊ देत.

वहीची पानं मला पाठव, फोटो नकोत. पानावर तारीख, हवेचा दाब, फेरे आणि रस्ता, एवढं असावं. आणि बोल्ट पुन्हा आवळून, बम्प स्टॉप बसवून झाल्याशिवाय ती गाडी हायवे 17 वर न्यायची नाही.